झालान्याहून समुद्राकडे

जयपूर शहराच्या आग्नेय अंगास अरवलीच्या टेकड्यांची एक ओळ वस्तीला अगदी खेटून उभी आहे. तिला झालाना डूंगरी म्हणतात. वर धोकाची रोडकी झाडे, खाली बाभळी-बोरी, आणि त्या झाडीत चक्क बिबटे. राजेरजवाड्यांच्या काळातील शिकारीची जुनी माडी अद्याप रानात उभी आहे. आता तेथे बंदुकीऐवजी कॅमेरे घेतलेले पर्यटक जीपमधून जातात. पायथ्याशी मात्र निरनिराळ्या अकादम्या, मंडळे व सरकारी कचेऱ्या यांच्या इमारती एकीला एक लागून उभ्या आहेत. दिवेलागणीला कचेरी सुटते तेव्हा एका बाजूने मोटारींचे कर्णे आणि दुसऱ्या बाजूने मोरांचा केका असा दुहेरी नाद कानी पडतो. वैशाखात येथील दगड रात्री दहापर्यंत गरम असतात. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने अकराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

अशा या ठिकाणी बसून शिडाच्या नौकेची शाळा निवडण्याचे काम माझ्यावर आले.

माझी भाची जयपुरातच वाढली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२५ च्या मे महिन्यात लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या नौदलाच्या दोन स्त्री-अधिकारी ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यास परतल्या. सुमारे आठ महिने दोघीच समुद्रावर होत्या. ते वृत्त वाचून आमच्या भाचीने घरात जाहीर केले, की आपल्यालाही शीड सोडावयास शिकावयाचे आहे. आणि तेही रविवारी दोन तास नव्हे, तर नौकेवरच राहून, तेथेच जेवून-निजून.

माझ्या ताईला हे ऐकून घाम फुटला. भावोजींनी नेहमीप्रमाणे निर्णय दुसऱ्यावर सोपविला. “मामाला इंग्रजी कागदपत्रे वाचण्याची सवय आहे, त्याने पाहून ठरवावे,” असे ते म्हणाले. ताईने २०२४ च्या डिसेंबरात मुंबई बंदरात घारापुरीच्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघाताची आठवण काढली. ती भीती काही खोटी नव्हती. त्या दिवशी सहलीला निघालेली किती माणसे घरी परतली नाहीत!

पण घरातील खरी अडचण होती ती माझी आई. ती हर्णैची. तिचा थोरला भाऊ एका गलबतावर खलाशी होता. एका वर्षी नारळी पौर्णिमेपूर्वीच नाखव्याने गलबत बाहेर काढले आणि ते परत आले नाही. पुढे आई लग्न होऊन देशावर आली, तेथून वडिलांच्या नोकरीमुळे राजस्थानात. आमच्या घरात मासळी आली, पण समुद्राची गोष्ट कधी निघाली नाही.

जयपूरकरांना पाण्यावरच्या खेळांचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील वल्हवण्याच्या शर्यती याच शहराजवळच्या रामगढ तलावात झाल्या होत्या. त्याच स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबई बंदरात झाल्या आणि तेथे फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळविले. पुढे रामगढचा तलाव आटला. जेथे देशोदेशीचे नावाडी वल्ही मारीत होते, तेथे शेळ्या चरू लागल्या. भाचीला मी तो कोरडा तलाव दाखविला, तेव्हा ती म्हणाली, “मामा, म्हणूनच तर जिथे पाणी आहे तिथे जायचं.”

तिचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. शीड हाकारणारी माणसे किनाऱ्यावरच जन्मावी लागतात असे नाही. ‘तारिणी’च्या पहिल्या प्रदक्षिणेत, म्हणजे २०१७-१८ साली, सहा जणींचे पथक होते. त्यांची नायिका वर्तिका जोशी उत्तराखंडची, एक जण देहरादूनची, एक मणिपूरची. आणि शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनी नौदलाच्या गळी उतरविली, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर कोठे राहत होते? साताऱ्याच्या फलटण तालुक्यात, विंचुर्णी गावी, शेती करीत! त्यांच्या त्या कल्पनेतून २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून मुंबईहून निघून मुंबईस परत आले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय होत.

शाळेचा शोध मी प्रथम कागदावर केला. इंग्लंडमधील रॉयल यॉटिंग असोसिएशनने नवशिक्यांसाठी आखलेला एक अभ्यासक्रम जगभर मानला जातो. त्याचे नाव ‘कॉम्पिटंट क्रू’. पाच दिवस नौकेवरच राहावयाचे आणि अखेरीस नौकेवर उपयोगी पडणारा माणूस होऊन उतरावयाचे, एवढीच त्याची प्रतिज्ञा. नौका स्वतःच्या जबाबदारीवर नेणे हा त्यापुढचा टप्पा. एका शिक्षकामागे पाचांहून अधिक शिकाऊ घ्यावयाचे नाहीत, असा त्यांचा दंडक आहे. ग्रीस, क्रोएशिया, थायलंड येथील शाळांची रंगीत पत्रके भाचीने जमविली होती. त्यांतील शुल्क व विमानभाडे यांची बेरीज केल्यावर ती पत्रके मी गुपचूप खणात ठेवली. पण पाचांमागे एक हा आकडा मात्र वहीत टिपून घेतला.

आपल्याकडे नौकेवर निजवून शिकविण्याची पद्धत नवी नाही. १९२७ साली मुंबईस माझगावच्या धक्क्यासमोर ‘डफरिन’ हे जहाज उभे करून त्यावर व्यापारी जहाजांच्या भावी अधिकाऱ्यांची शाळा काढण्यात आली. मुले जहाजावरच राहत, तेथेच शिकत. १९७२ साली तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, आणि १९९३ पासून ती शाळा ‘चाणक्य’ या नावाने नवी मुंबईत जमिनीवर आली. नौदलाच्या ‘तरंगिणी’ व ‘सुदर्शिनी’ या शिडाच्या जहाजांवर अजूनही शिकाऊ अधिकारी डोलकाठ्यांवर चढून दोर हाताळतात. परंतु ही सर्व सोय समुद्रावर नोकरी करणाऱ्यांची. आमच्या भाचीसारखी केवळ हौसेने येणारी मुलगी कोठे जाणार? मुंबईत दिवसभर शिकवून संध्याकाळी घरी पाठविणारे क्लब व शाळा आहेत. गोव्यात केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था आहे. नौकेवर मुक्काम करविणाऱ्या खासगी शाळा मात्र थोड्या, आणि त्यांच्यात निवड करणे हेच अवघड.

पत्रकांचे मराठी भाषांतर मी आईसाठी करू लागलो, आणि तेथे माझी फजिती झाली. शीड, सुकाणू, नांगर, डोलकाठी येथवर ठीक होते. पण शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला, शीड आवळण्याचा व सैल सोडण्याचा दोर असतो, त्याला मराठीत काय म्हणावे? बारा वर्षे भाषांतराच्या मेजावर बसून मला तो शब्द ठाऊक नव्हता. मी ‘नियंत्रण-रज्जू’ असे काहीतरी लिहिले आणि वाचून दाखविले. आई भाजी निवडीत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “त्याला दामण म्हणतात. आणि शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात, ते परबाण.” पन्नास वर्षांत तिने हे शब्द उच्चारले नव्हते. मी ‘नियंत्रण-रज्जू’ खोडला.

त्या रात्री तिने आपणहून विषय काढला. “तू दोन्ही शाळा डोळ्यांनी बघून ये,” ती म्हणाली. “नौका किती मोठी, गादी किती मऊ, ते मला सांगू नकोस. वारा बिघडला तर ते लोक परत फिरतात का, एवढंच विचार. आमच्या दादाचा नाखवा परत फिरणारा नव्हता.”

दिवाळी उलटल्यावर भाचीला घेऊन मी निघालो. पश्चिम किनाऱ्यावर शीड शिकण्याचा हंगाम पावसाळा संपला की सुरू होतो. दुपारी जयपूर सोडणारी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस पोचली. गेटवे ऑफ इंडियासमोर पुष्कळ नौका खुल्या पाण्यात बोयांना बांधलेल्या दिसतात. मुंबईस उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमध्ये पाण्याची पातळी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. ज्या पायऱ्यांवरून सकाळी पाय न भिजविता होडीत बसलो, त्यांच्याच शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर दुपारी उतरावे लागते. भाचीला हे फारच नवल वाटले. झालान्यात पाणी टाकीत असते आणि ते फक्त खाली जाते.

पहिल्या शाळेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कचेरी थंडगार, चहा उत्तम, भिंतीवर मोठमोठी छायाचित्रे. व्यवस्थापक गोड बोलणारे. नौकाही देखणी होती, आतील लाकूड आरशासारखे चमकत होते. आम्हांस बंदरात तासभर फिरवून आणले. भाचीच्या हाती सुकाणूचे चाक देऊन छायाचित्र काढले आणि चाक परत घेतले. मी विचारले, “जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत?” ती बैठकीखालच्या कप्प्यात होती आणि कप्प्यावर सामान रचलेले होते. एका वेळी शिकाऊ किती, असे विचारता “आठ, कधी नऊ” असे उत्तर आले. मुलीला पोहता येते का, हा प्रश्न त्यांनी आम्हांला केलाच नाही. शेवटी मी आईचा प्रश्न पुढे केला. हवामानामुळे आपण फेरी कधी रद्द करता? व्यवस्थापक अभिमानाने हसले. “आमची एकही फेरी आजवर रद्द झालेली नाही,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर भाची गप्प होती. नौका तिला आवडली होती, हे उघड दिसत होते. चौपाटीवर भेळ खाताना ती हळूच म्हणाली, “मामा, आजीला हे उत्तर सांगता येणार नाही, नाही का?”

तेथून कोकण रेल्वेने गोव्यास गेलो. करमळीला उतरलो की जुने गोवे जवळच आहे, आणि तेथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट. या बेटावरच्या एका कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ बांधली. २००९ च्या आरंभी ती नौदलाच्या हवाली झाली. पुढे ‘तारिणी’ही गोव्यातच, त्यांच्याच कारखान्यात तयार झाली. मांडवी नदीचेच दुसरे नाव म्हादेई. फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहून भाची त्या गढूळ, संथ पाण्याकडे किती तरी वेळ पाहत होती. सोबतीला दोन स्कूटर, मासळीची टोपली आणि शाळेतून घरी जाणारी मुले.

दुसऱ्या शाळेला कचेरी नव्हतीच. शिक्षक नदीकाठी एका पायरीवर बसून फाटके शीड शिवीत होते. वय साठीच्या पुढचे. त्यांनी आमचे नाव विचारण्यापूर्वी भाचीला विचारले, “पोहता येतं?” तिने “थोडंसं” म्हटल्यावर त्यांनी वहीत काहीतरी टिपले. मग आजार, औषधे, चष्मा, झोपेत चालण्याची सवय असे प्रश्न झाले. आपले शिक्षकाचे प्रमाणपत्र व नौकेची कागदपत्रे त्यांनी न मागता समोर ठेवली. मुलीची निजण्याची सोय कोठे, या माझ्या प्रश्नावर त्यांनी पुढची खोली दाखविली. तिला आतून कडी होती. सर्वांना हाक मारून त्यांनी जाकिटे अंगावर घालावयास लावली, पट्टे स्वतः ओढून पाहिले, आणि माझ्या पोटाकडे पाहून एक मोठे जाकीट काढले.

पूर्ण शिक्षण पाच दिवसांचे. पण नवख्यांना आधी दोन दिवस व एक रात्र राहून पाहता येते, असे त्यांनी सांगितले. मी भाचीबरोबर स्वतःचेही नाव घातले. एका शिक्षकामागे आम्ही चौघे होतो: आम्ही दोघे, पुण्याचे एक व्यापारी आणि बेळगावच्या एक तरुण डॉक्टरीणबाई.

नौका चाळीस फुटांच्या आतलीच. आपल्या झालान्याच्या क्वार्टरमधील स्वयंपाकघर व व्हरांडा एकत्र केला तर होईल एवढी जागा, आणि त्यात पाच माणसे! पहिला धडा शिडाचा नव्हता. तो होता हातपंपाच्या संडासाचा. तो नीट न वापरल्यास सर्वांनाच भोगावे लागते. दुसरा धडा गोड्या पाण्याचा. ताटे समुद्राच्या पाण्याने धुवावयाची, गोडे पाणी शेवटच्या विसळण्यापुरते. येथे भाचीने सर्वांना मागे टाकले, कारण मे महिन्यात एक दिवसाआड येणाऱ्या नळावर वाढलेल्या मुलीला पाणी पुरविणे शिकवावे लागत नाही. तिसरा धडा चहाचा. कोकणच्या जुन्या गलबतांवर नवखा पोर प्रथम भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली लागत असे. तीच ही पद्धत. नौका डुलत असताना खाली जाऊन सहा कप चहा करणे हे काम माझ्या वाट्याला आले. दोन कप झाले आणि मी वर येऊन कठड्याला धरून राहिलो. उरलेला चहा डॉक्टरीणबाईंनी केला.

मग शीड. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला नौका सरळ जाऊ शकत नाही. दोहों अंगांस सुमारे पंचेचाळीस अंशांचा टापू तिला वर्ज्य असतो. म्हणून वाऱ्याकडे जावयाचे असेल तर आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, असे नागमोडी जावे लागते. हे पुस्तकात वाचून मला समजले होते, असे मी समजत होतो. सुकाणू हाती आल्यावर कळले की ते कानाने आणि गालाने समजावे लागते. शीड फडफडू लागले की आपण फार वर आलो, गालावरचा वारा सरकला की आपली दिशा ढळली. भाचीच्या हाती शिक्षकांनी सुकाणू दिले आणि दीड तास परत मागितले नाही. ती चुकली, शीड धाडकन दुसऱ्या अंगास गेले, पुण्याच्या व्यापाऱ्यांची टोपी पाण्यात पडली. शिक्षक म्हणाले, “टोपी म्हणजे बुडणारा माणूस समजा आणि उचलून आणा.” चार वेळा वळून आम्ही ती टोपी उचलली. ताईने घरी जी भीती बोलून दाखविली होती, तिचे उत्तर शिकविण्याची त्यांची ही रीत होती.

रात्री रेइस मागोशच्या किल्ल्यासमोर नांगर टाकला. नांगर घसरत नाही ना हे पाहण्यासाठी प्रत्येकाने तासभर जागावयाचे. काठावरचे दोन दिवे ठरवून घ्यावयाचे आणि ते एकमेकांच्या जागी आहेत का ते होकायंत्रावर पाहत राहावयाचे. भाचीची पाळी दोन ते तीन. मी झोपलो नव्हतो, पण वर गेलो नाही. ओहोटी संपून भरती लागली तशी नौका नांगराभोवती हळूहळू फिरली. किल्ल्याचा दिवा माझ्या खिडकीतून गेला आणि समोरच्या खिडकीत आला. वर भाची त्याच दिव्यांचे आकडे वहीत लिहीत होती. तिच्या पावलांचा आवाज माझ्या डोक्यावरून पुढे गेला, मागे आला.

दुसऱ्या दिवशी आग्वादचे टोक ओलांडून उत्तरेस जावयाचे ठरले होते. सकाळचा मंद वारा पडला आणि दुपारी वायव्येचा वारा उठला, म्हणजे नेमका आमच्या तोंडावर. नौका नागमोडी चालू लागली. ऊन लख्ख होते, समुद्र मला तरी सुंदर दिसत होता. तीनच्या सुमारास शिक्षकांनी घड्याळ पाहिले, किनारा पाहिला, माझा हिरवा पडलेला चेहरा पाहिला आणि म्हणाले, “परत.”

पुण्याचे व्यापारी रागावले. ठरलेला पल्ला व्हावा, त्याचेच पैसे भरले आहेत, असे त्यांचे म्हणणे. धोका आहे का, असे त्यांनी विचारले. शिक्षक म्हणाले, “नाही. धोका दिसल्यावर फिरायचं नसतं. या वाऱ्याने अंधारापूर्वी तिथे पोचत नाही, आणि नवी माणसं घेऊन अंधारात अनोळखी जागी मी नांगर टाकत नाही.” त्यांनी त्या दिवसाच्या पैशांचा अर्धा भाग परत देण्याचे कबूल केले व पुढे एक शब्दही वाद केला नाही. वारा पाठीशी घेताच नौका शांत झाली, जणू वारा गेलाच. आणि तासाभरात आम्ही नदीच्या मुखाशी होतो. धक्क्यावर उतरताना व्यापारी अजून पुटपुटत होते. मला मात्र त्या माणसाच्या पायांस हात लावावा असे वाटले.

परतीच्या गाडीत भाचीने मला विचारले, की मुंबईची नौका अधिक चांगली होती, हे तरी मी मान्य करतो का? मी मान्य केले. तिला त्या चमकत्या लाकडाची आठवण होत होती, आणि वयाप्रमाणे ते साहजिकच आहे. “पण निर्णय कोणाचा?” मी विचारले. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, “तिथे चाक माझ्या हातात दोन मिनिटं होतं.”

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी काही बोलण्याआधी भाचीनेच सांगितले, “आजी, परत फिरले. ऊन होतं तरी फिरले.” आईने तिला तीन वेळा विचारले: किती वाजता फिरले, वारा कोणत्या दिशेचा होता, नाखवा रागावून बोलला का. मग ती आत जाऊन पाणी प्यायली. त्यानंतर शाळेच्या पत्रात लिहिलेली पोहण्याची अट तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. थांबे न घेता दोनशे मीटर. आमच्या भाचीला जेमतेम चाळीस जमतात.

पाच दिवसांचे शिक्षण फेब्रुवारीत आहे. तूर्त रोज सकाळी सहाला भाची स्कूटरवरून पोहण्याच्या तलावावर जाते. झालान्यात हिवाळ्याची पहाट बोचरी असते. मागच्या बैठकीवर शाल गुंडाळून आई बसलेली असते. तलावाच्या काठावर खुर्ची टाकून ती फेऱ्या मोजते. काल ती मला म्हणाली, की एकशेवीस झाले, पण पोरगी श्वास फार वरचेवर घेते.